फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात दुरुस्ती सुचवताना : निवेदन तयार करण्याची रीत

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्याने घेतली. ४८४ कलमांचा कायदा गेला आणि ५३१ कलमांचा आला. तेव्हापासून बार रूममध्ये, विधी महाविद्यालयांत आणि कारागृहांत काम करणाऱ्या संस्थांच्या बैठकांत ‘हे कलम बदलायला हवे’ असे वाक्य वारंवार कानी पडते. तक्रार बहुधा खरी असते, परंतु ती तक्रारीच्याच रूपात राहते. कायदा बदलणाऱ्यांच्या टेबलावर ती पोहोचलीच, तरी तिचे काय करायचे हे त्यांना उमगत नाही. संसदेची समिती, विधी आयोग किंवा राज्याचा गृह विभाग यांच्यापुढे ठेवता येईल असे निवेदन कसे तयार करावे, हे मी काही वर्षे कायदेविषयक साहाय्याच्या कामात राहून जे शिकलो त्याच्या आधारे येथे मांडत आहे.

एका निवेदनात एकच कलम

मी पहिले निवेदन तयार केले तेव्हा ते बावीस पानांचे झाले होते. अटक, जामीन, साक्षीदार, पंचनामे, लांबणाऱ्या तारखा अशा सगळ्याच विषयांवर त्यात काही ना काही होते. कलमाचा क्रमांक मात्र तीनच ठिकाणी होता, आणि बदललेला मजकूर कसा असावा हे एकाही ठिकाणी लिहिलेले नव्हते. त्यातले एकही वाक्य उचलून कोणाला विधेयकात ठेवता आले नसते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. म्हणून पहिली सूचना अशी की, एका निवेदनात एकच कलम घ्यावे, आणि शक्य असेल तर त्या कलमातले एकच उपकलम किंवा परंतुक (म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट) घ्यावे. दहा गोष्टी सांगायच्या असतील तर दहा निवेदने करावीत.

इतक्या लहान गोष्टीने काय साधणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर या संहितेच्या जन्मकथेतच आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडलेल्या विधेयकात, अटक करताना हातकडी वापरण्याची मुभा देणाऱ्या खंड ४३(३) मध्ये (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) खून, बलात्कार, ॲसिड हल्ला यांच्या जोडीला आर्थिक अपराधही घातले होते. विधेयक गृह विभागाशी संबंधित संसदीय स्थायी समितीकडे गेले. आर्थिक अपराध या पंक्तीत बसवू नयेत अशी शिफारस समितीने नोव्हेंबर २०२३ मधील अहवालात केली. डिसेंबरमध्ये पहिले विधेयक मागे घेऊन दुसरे मांडण्यात आले, तेव्हा ते शब्द त्यातून गेलेले होते. २५ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्यात ते नाहीत. एवढ्या मोठ्या संहितेत दोन शब्दांचा हा बदल, पण अटक होणाऱ्या माणसाच्या मनगटाशी त्याचा थेट संबंध आहे.

कलमाची वंशावळ

निवडलेले कलम नव्या संहितेत कोठून आले हे आधी शोधावे. आपल्याकडे फौजदारी प्रक्रियेचा पहिला एकत्रित कायदा १८६१ चा. त्यानंतर १८७२, १८८२ आणि १८९८ च्या संहिता आल्या, मग १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेली १९७३ ची संहिता, आणि आता २०२३ ची. बरीचशी कलमे या सगळ्या कायद्यांतून शब्दांचे थोडे फेरफार सोसत आलेली आहेत, आणि नेमका वाद बहुतेक वेळा त्या फेरफारांतच असतो. क्रमांकांनी मात्र फसगत होते. पूर्वीचे १४४ म्हणजे जमावबंदी, ते आता १६३ झाले. आजचे १४४ हे पोटगीचे कलम आहे, म्हणजे पूर्वीचे १२५. प्रथम खबरीचे १५४ आता १७३ झाले, दोषारोपपत्राचे १७३ आता १९३, आणि अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२. जुने ४८२, म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, आता ५२८ आहे. निवेदनात जुना व नवा असे दोन्ही क्रमांक द्यावेत, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याची अर्धी नोकरी जुन्या क्रमांकांत गेलेली असते.

दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून शब्दाशब्दाने ताडून पाहण्याला पर्याय नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कोठडीचे कलम. १८९८ च्या संहितेत तपासासाठी पंधरा दिवसांपर्यंतच कोठडी देता येत असे, आणि ती मुदत अपुरी पडते म्हणून अपुरे आरोपपत्र दाखल करून दुसऱ्या कलमाच्या आडून कोठडी वाढवून घेण्याची वहिवाट पडली होती. तिला आळा घालण्यासाठी १९७३ च्या संहितेच्या कलम १६७ मध्ये कमाल मुदत आणि मुदत टळल्यास जामिनाचा हक्क आला. १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ती मुदत ९० दिवस, तर इतरांसाठी ६० दिवस ठरली. पंधरा दिवसांनंतरची कोठडी ‘पोलीस कोठडीव्यतिरिक्त’ असावी, असे स्पष्ट शब्द त्या कलमात होते. १९९२ मध्ये अनुपम कुलकर्णी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळू शकते, असा अर्थ त्यावरून लावला. नव्या संहितेच्या कलम १८७(२) मध्ये पंधरा दिवसांची कोठडी सलग किंवा तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या ४० अथवा ६० दिवसांत केव्हाही देता येते, आणि उपकलम (३) मधून ‘पोलीस कोठडीव्यतिरिक्त’ हे शब्द गळले आहेत. वकिलांच्या बोलीत सांगायचे तर, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झालेल्या आरोपीची पीसीआर (पोलीस कोठडी) महिनाभराने पुन्हा मागता येते. स्थायी समितीनेही या खंडात अधिक स्पष्टता आणावी असे सुचवले होते. ज्याला या कलमावर निवेदन करायचे आहे त्याने या गळलेल्या शब्दांपासूनच आरंभ करावा. कोठडीतील छळाबद्दल सर्वसाधारण परिच्छेद लिहून त्याच्या हाती काही लागणार नाही.

कलम कागदावर कसे चालते ते पाहणे

निवेदनाचा खरा कस येथे लागतो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. कलम ४७९ कच्च्या कैद्यांच्या सुटकेचे आहे. पूर्वीचे ४३६-क, जे २००५ च्या दुरुस्तीने आले, तेच हे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या बंद्याला जामीन मिळावा, हे तत्त्व जुनेच आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंद्यासाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली गेली, आणि पात्र बंद्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य उपकलम (३) ने कारागृह अधीक्षकावर टाकले, या दोन चांगल्या गोष्टी नव्या संहितेने केल्या. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या अपराधांना हे कलम लागू नाही. २०२२ अखेर देशाच्या कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतले सुमारे ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. हा आकडा पाहिला म्हणजे या कलमाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

अडचण उपकलम (२) मध्ये आहे. ज्या व्यक्तीविरुद्ध एकापेक्षा अधिक अपराधांबाबत किंवा अनेक प्रकरणांत तपास, चौकशी अथवा खटला प्रलंबित असेल तिला या कलमाखाली जामिनावर सोडू नये, असे ते म्हणते. आता एका रात्रीची एक घरफोडी घ्या. कुलूप तोडून घरात शिरण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम ३३१ लागते, आणि आतील दागिने नेण्यासाठी कलम ३०५. घटना एक, एफआयआर एक, आरोपपत्र एक, पण अपराध दोन. शब्दशः वाचले तर पहिल्यांदाच आरोपी झालेला हा बंदीही लाभातून बाहेर पडतो. आरोपपत्रात एकच कलम लागलेला गुन्हा आमच्याकडे विरळाच दिसतो. म्हणजे उपकलम (१) ने उघडलेले दार उपकलम (२) जवळपास सगळ्यांसाठी लोटून घेते.

हे पटवून द्यायला कागद लागतात. सर्वांत उपयोगी कागद म्हणजे न्यायालयाचा रोजनामा, कारण खटला कशाने अडला हे त्यात तारखेवार लिहिलेले असते. ‘आरोपी हजर केला नाही, पोलीस पार्टी उपलब्ध नाही’, ‘पंच गैरहजर’, ‘सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) बाकी’, ‘सरकारी पक्षाचे म्हणणे येणे बाकी’ अशा एकेका ओळीचे महिने होतात. ई-कोर्ट्स सेवेवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की तारखांचा क्रम मिळतो. मूळ रोजनाम्याची नक्कल अर्ज करून घ्यावी. वीस-पंचवीस प्रकरणे घेऊन एक साधा तक्ता करावा. अटकेची तारीख, लागलेली कलमे, सर्वांत जास्त शिक्षेचे कलम, एक तृतीयांश मुदत पूर्ण होण्याची तारीख, आणि अर्ज झाला असल्यास त्यावरील आदेशाचे कारण, इतके रकाने पुरतात. बंद्यांची नावे तक्त्यात घालू नयेत. कारागृहाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून, ठरावीक काळात ४७९(३) खाली किती अर्ज न्यायालयात गेले, किती मंजूर झाले आणि उपकलम (२) च्या कारणाने किती फेटाळले गेले, एवढेच विचारावे. प्रश्न आकड्यांपुरता ठेवला तर व्यक्तिगत माहितीचे कारण पुढे करून नकार मिळण्याची शक्यता कमी होते.

तक्ता करताना आणखी एक गोष्ट आपोआप पुढे येते. रात्री चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला कलम ३३१(४) खाली १४ वर्षांपर्यंत, तर कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १४ चा तृतीयांश ४ वर्षे ८ महिने, आणि ७ चा २ वर्षे ४ महिने. दोन्ही कलमे एकत्र असताना कोणता हिशेब धरावा, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत नाही. हा प्रश्न मला तक्ता मांडल्यावरच पडला, नुसते कलम वाचताना पडला नव्हता.

दुरुस्ती कायद्यात हवी की दुसरीकडे

प्रत्येक दुखणे कलमाचेच असते असे नाही. पोलीस पार्टी न मिळाल्याने आरोपी हजर न होणे हा मनुष्यबळाचा प्रश्न आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे कलम १७६(३) सांगते, परंतु ते केव्हापासून लागू करायचे हे पाच वर्षांच्या आत ठरवण्याची मुभा राज्यांना दिलेली आहे. तेथे मागणी करायची ती अर्थसंकल्पात, प्रयोगशाळा आणि पदे यांची. अर्जाचा नमुना, नोंदवह्या, नकलांची फी अशा बाबी उच्च न्यायालयाच्या नियमांत आणि फौजदारी कामकाजाच्या नियमपुस्तिकेत असतात. संसदेकडे त्यांचे निवेदन पाठवणे म्हणजे पत्ता चुकवणे होय.

राज्याचा मार्गही लक्षात ठेवावा. फौजदारी प्रक्रिया हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्य विधिमंडळ संहितेत राज्यापुरती दुरुस्ती करू शकते. केंद्रीय कायद्याशी ती विसंगत असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. उत्तर प्रदेशाने १९७६ मध्ये अटकपूर्व जामिनाची तरतूदच काढून टाकली होती, आणि ती २०१९ मध्ये परत आली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केलेले शक्ती विधेयक संमतीसाठी दिल्लीला गेले, पण त्याचा कायदा होऊ शकला नाही. राज्याचा रस्ता जवळचा दिसतो, तरी त्याचे शेवटचे फाटक दिल्लीतच आहे.

मजकूर स्वतः लिहावा

‘या कलमाचा पुनर्विचार व्हावा’ असे लिहून थांबू नये. नवा मजकूर आपण द्यावा, आणि तो जितका लहान असेल तितका चांगला. आपल्या उदाहरणात तो असा होईल: ‘कलम ४७९, उपकलम (२) मधील “एकापेक्षा अधिक अपराधांमध्ये किंवा अनेक प्रकरणांमध्ये” या मजकुराऐवजी “वेगवेगळ्या घटनांतून उद्भवलेल्या दोन किंवा अधिक प्रकरणांमध्ये” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ आणि हिशेबाच्या प्रश्नासाठी, ‘स्पष्टीकरण: एकाच घटनेतून अनेक अपराध उद्भवले असतील तर त्यांपैकी सर्वांत जास्त शिक्षा असलेल्या अपराधाची कमाल मुदत विचारात घेण्यात येईल.’ या स्पष्टीकरणाने घरफोडीच्या आरोपीला ४ वर्षे ८ महिने थांबावे लागेल. मला ते जास्त वाटते. पण कमी मुदत मागितली तर मोठ्या गुन्ह्याला लहान गुन्ह्याचा हिशेब लागतो, आणि त्या आक्षेपापुढे मूळ दुरुस्तीही पडेल, म्हणून मी येथे आवर घालणे पसंत केले. मराठीत विचार करून मजकूर पक्का झाला की इंग्रजी पाठही सोबत जोडावा, कारण केंद्रीय विधेयकाच्या मसुद्यावर काम त्या पाठावरून होते.

मसुदा झाला की विरुद्ध बाजूने वाचावा. तपासी अंमलदार म्हणेल की सराईत गुन्हेगार याचा फायदा घेतील. त्याचे म्हणणे डावलू नये. वेगवेगळ्या घटनांतील प्रकरणे असलेला आरोपी सुचवलेल्या मजकुरातही बाहेरच राहतो. शिवाय कलम ४७९(१) च्या दुसऱ्या परंतुकाने, सरकारी वकिलांचे ऐकून आणि कारणे नोंदवून, कोठडी निम्म्यापेक्षा पुढे चालू ठेवण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेलाच आहे, हे निवेदनात लिहावे. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचीही बाजू असते. त्याला जामिनाच्या सुनावणीची खबर मिळावी असे वाटत असेल तर ते स्वतंत्र निवेदनात मांडावे, याच निवेदनात घुसडू नये.

आणखी एक भाग बहुतेक निवेदनांत सुटतो, तो म्हणजे जुन्या प्रकरणांचे काय. नव्या संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे १ जुलै २०२४ पूर्वी प्रलंबित असलेले तपास, चौकश्या, खटले आणि अपिले जुन्या संहितेप्रमाणेच चालायची आहेत. त्यामुळे आधी अटक झालेल्या बंद्याला एक तृतीयांशाचा लाभ मिळेल की नाही, हा पेच उभा राहिला. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या स्थितीसंबंधीच्या प्रकरणात, गुन्हा केव्हाही नोंदलेला असला तरी कलम ४७९ सर्व न्यायाधीन बंद्यांना लावावे, असा निर्देश दिला तेव्हा हा पेच सुटला. मधले जवळजवळ आठ आठवडे ज्यांनी अनिश्चिततेत काढले, त्यांच्यासाठी विधेयकातली एक ओळ पुरेशी होती. ‘ही दुरुस्ती तिच्या प्रारंभाच्या वेळी कोठडीत असलेल्या सर्व व्यक्तींना लागू होईल’ ही ओळ आपल्या मसुद्यात विसरू नये.

कोठे आणि केव्हा पाठवावे

वेळ चुकली तर उत्तम निवेदनही वाया जाते. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे, पण त्या तीस दिवसांत अभ्यासाला आरंभ करून भागत नाही. तक्ते आणि मजकूर आधीच तयार हवेत. विधेयक संसदीय समितीकडे गेले की समिती जाहिरात देऊन निवेदने मागवते. समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची इच्छा असेल तर ती निवेदनातच नोंदवावी. कोणतेही विधेयक प्रलंबित नसताना विधी आयोग, केंद्रीय व राज्य गृह विभाग यांच्याकडे निवेदन पाठवता येते, लोकसभेच्या याचिका समितीकडे खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने याचिका देता येते, किंवा आपल्या खासदाराला अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक) मांडण्याची विनंती करता येते. अशी विधेयके क्वचितच संमत होतात, पण मजकूर सभागृहाच्या कामकाजात छापला जातो आणि पुढच्या समितीला तो सापडतो.

समितीपुढे न जाता खुल्या पत्राचाही मार्ग आहे, आणि त्याचे आपल्या मातीतले उदाहरण मला नेहमी बळ देते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या त्या निकालावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. संमती आणि निमूटपणे सोसणे यांतला फरक निकालाने कोठे पुसला, हे त्यांनी निकालातल्याच विधानांवर बोट ठेवून दाखवले. त्यानंतर देशभर आंदोलन झाले, १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला आणि १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यांत संमती नसल्याचे गृहीतक पुराव्याच्या कायद्यात आले. बलात्काराचे खटले बंद दालनात चालवण्याची तरतूद त्याच वेळी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये आली, आणि आज ती कलम ३६६ मध्ये आहे.

निवेदन पाठवल्यावर पोच मागावी आणि जावक क्रमांक जपून ठेवावा. समितीचा अहवाल सभागृहात ठेवला गेला की आपल्या खंडावरचा परिच्छेद आणि सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका काढून घ्याव्यात, आणि अंतिम विधेयक हाती आल्यावर जुना मजकूर, आपला मजकूर आणि संमत झालेला मजकूर पुन्हा एकदा तीन रकान्यांत मांडून पाहावेत. आपले शब्द स्वीकारले गेले नसतील तर कोणत्या कारणाने, हे त्या परिच्छेदात बहुधा सापडते. पुढच्या निवेदनाच्या पहिल्या पानावर त्याच कारणाला उत्तर द्यावे, आणि तोवर रोजनाम्यांचा तक्ता दर सहा महिन्यांनी पुढे नेत राहावा.